मेढ्याला उतरून पाहिले

वाचकहो, दवाखान्यात येणारे अनेक मुलगे, मुली आणि सुना एक प्रश्न अगदी शेवटी, दाराची कडी हातात धरून विचारतात : "डॉक्टर, आईला दोन दिवस कुठे बाहेर नेले तर चालेल का?" गेली पंचवीस वर्षे मी बहुतेकांना एकच उत्तर देत आलो. "कशाला जोखीम घेता? घरीच बऱ्या आहेत." हे उत्तर देणे सोपे असते. काही बिघडलेच तर त्याचा दोष आपल्यावर येत नाही.

गेल्या डिसेंबरात हाच प्रश्न माझ्या घरात उभा राहिला आणि त्या उत्तराचा पोकळपणा मला कळला. आम्ही तिघे, म्हणजे अठ्ठ्याहत्तर वर्षांची आई, माझी पत्नी आणि मी, दोन रात्रींसाठी मेढ्याला जाऊन आलो. त्या दोन दिवसांत काय साधले आणि माझ्या हातून काय चुकले, ते दोन्ही तुमच्या उपयोगी पडेल असे वाटते, म्हणून हा लेख.

आईला वीस वर्षांपासून मधुमेह आहे, रक्तदाबही आहे. त्याच्या आदल्या वर्षी ती न्हाणीघरात घसरली आणि तिचे मनगट मोडले. सहा आठवड्यांनी प्लास्टर निघाले. हाड नीट जुळले, पण पडण्याची धास्ती राहिली ती राहिलीच. आधी तिने देवळात जाणे सोडले, मग फाटकापर्यंत जाणेही. वैद्यकात हे चक्र ओळखीचे आहे. धास्तीमुळे चालणे कमी होते, चालणे कमी झाले की मांड्यांचे स्नायू रोडावतात, तोल बिघडतो आणि पडण्याची शक्यता पूर्वीपेक्षा वाढते. हे मी रुग्णांना रोज समजावून सांगतो. घरात मात्र चौदा महिने मीच आईला "उठू नको, मी आणतो" असे म्हणत होतो.

मेढाच का?

जागा आईने निवडली. बाबा हयात असताना ती तीन वेळा महाबळेश्वरला गेली होती, तिन्ही वेळा एसटीने, साताऱ्याहून मेढ्यामार्गे. "मेढ्याच्या स्टँडवर गाडी दहा मिनिटे थांबायची. तुझे बाबा खिडकीतून चहा द्यायचे. पण त्या गावात मी कधी पाय ठेवला नाही," ती म्हणाली. मी महाबळेश्वरचे नाव काढले होते. तिने मानेनेच नकार दिला.

वैद्यकीय दृष्टीनेही तिची निवड माझ्यापेक्षा चांगली होती. मेढा हे जावळी तालुक्याचे मुख्य ठिकाण. साताऱ्याहून अंतर सुमारे पंचवीस किलोमीटर. वाटेत कण्हेर धरणाचा जलाशय सोबत करतो आणि मोठा घाट लागत नाही. वळणावळणांचा केळघरचा घाट मेढ्याच्या पुढे, महाबळेश्वरकडे जाताना सुरू होतो. ज्यांना गाडी लागते, मान वळवली की चक्कर येते किंवा ज्यांची कंबर धक्के सोसत नाही, अशा ज्येष्ठांसाठी घाटाअलीकडचा मुक्काम केव्हाही सुखाचा.

गावातून वेण्णा नदी वाहते. ती महाबळेश्वरच्या डोंगरात उगम पावते, मेढ्यावरून कण्हेरच्या धरणात येते आणि पुढे साताऱ्याजवळ संगम माहुलीला कृष्णेला मिळते. जावळीचे नाव मराठी माणसाला शाळेपासून ठाऊक असते. मोऱ्यांची जावळी शिवाजी महाराजांनी १६५६ साली घेतली, ती याच मुलखात. त्या काळी या रानात शिरलेला माणूस सापडत नसे, असे म्हणतात. आज डांबरी रस्ते झाले आहेत, तरी डोंगरउतारावर जांभूळ, हिरडा, ऐन आणि करवंदीच्या जाळ्या अजून दाट आहेत. वरच्या अंगाला कासचे पठार आहे. २०१२ साली पश्चिम घाटाला जागतिक वारसा म्हणून मान्यता मिळाली, त्यात कासचाही समावेश आहे. तिथली फुले पाहायची तर ऑगस्टअखेर ते ऑक्टोबरच्या सुरुवातीस जावे लागते. त्या दिवसांत गर्दी असते, चिखल असतो आणि रानात जळवा असतात. ज्येष्ठांसाठी नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ अधिक बरा. फुले नसतात, पण वाट कोरडी असते आणि हवा स्वच्छ असते.

खोली पाहताना

आम्ही गावाबाहेर, झाडीला लागून असलेल्या एका छोट्या हॉटेलात उतरलो. खोली ठरवताना मी दूरध्वनीवर चारच प्रश्न विचारले होते. खोली तळमजल्यावर आहे का? कमोड आहे का? न्हाणीघरात धरायला दांडी आणि पायाखाली न घसरणारी चटई आहे का? पलंगापासून शौचालयापर्यंत रात्री दिवा राहील का? खिडकीतून डोंगर दिसतो की नाही, हे नंतर विचारले तरी चालते.

याचे कारण सांगतो. नव्या खोलीत सर्वांत धोक्याची वेळ असते ती रात्री दोन-अडीचची. अर्धवट झोपेत माणूस घरच्या सवयीने डावीकडे वळतो आणि तिथे भिंत असते. त्यातून रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्यांचा दाब एकदम उभे राहताच उतरू शकतो. म्हणून संध्याकाळी उजेड असतानाच पलंग ते शौचालय ही फेरी दोनदा करून घ्यावी. रात्री उठताना पलंगाच्या कडेला मिनिटभर पाय सोडून बसावे आणि मगच उभे राहावे. विस्मरणाचा आजार असलेल्या व्यक्तीला नवी जागा संध्याकाळनंतर अधिक गोंधळवते. अशा वेळी घरची उशी, घरची चादर आणि ओळखीचा तांब्या सोबत असेल तर फार मदत होते.

त्या पहिल्या संध्याकाळी आम्ही अंगणात उतरलो. आई काठी घेऊन पन्नासेक पावले चालली असेल, तोच मी तिला परत फिरवले. "आज एवढे पुरे." ती काही बोलली नाही.

जेवणाच्या टेबलावरची चूक

हॉटेलचे जेवण हे त्या जागेचे वैशिष्ट्य होते. पांढरे मेजपोस, मंद दिवे आणि एकेक पदार्थ सावकाश येणारा. आधी सूप, मग चाखण्यापुरते काही, त्यानंतर भरली वांगी, नाचणीची भाकरी, आमटी, इंद्रायणीचा भात आणि शेवटी या डोंगरातली स्ट्रॉबेरी. वाढणाऱ्या मुलाने पत्नीला विचारले, "ताई, तुमच्यासाठी काय आणू?" तिने आईंना कमी तिखट हवे, मीठ बेताचे हवे, भात मऊ हवा, हे सगळे सांगितले. "आणि तुम्हाला?" या प्रश्नावर ती थांबली. तिला काही सुचेना. शेवटी म्हणाली, "आईंचेच मला चालेल."

माझी चूक याच टेबलावर झाली. आईची रात्रीची साखरेची गोळी सल्फोनिलयुरिया गटातली आहे. ती स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते, मग पोटात अन्न असो वा नसो. घरी गोळी घेतली की पाच मिनिटांत ताट समोर येते. इथेही टेबलाशी बसल्याबरोबर मी सवयीने गोळी तिच्या हातावर ठेवली. सूप आले ते पातळ, त्यात साखर चढण्याजोगे फारसे काही नव्हते. पुढचा पदार्थ यायला अर्ध्या तासाहून अधिक वेळ गेला. आई गप्प झाली, रुमालाच्या घड्या घालत राहिली, विचारलेल्याला उशिरा उत्तर देऊ लागली. मला वाटले, प्रवासाने दमली.

पत्नी म्हणाली, "अहो, आईंच्या कपाळाला घाम आलाय. एवढ्या थंडीत?"

साखर तपासली. ५८ निघाली. ७० च्या खाली आली की ती धोक्याची मानतात. आई शुद्धीवर होती, तिला गिळता येत होते, म्हणून तीन चमचे साखर अर्धा पेला पाण्यात विरघळवून दिली. पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासली तेव्हा ८४ होती. मग तिला लगेच भाकरी आणि भात दिला, कारण नुसत्या साखरेचा आधार थोडाच वेळ टिकतो. या गटातील गोळ्यांचा परिणाम बराच वेळ राहतो आणि वयस्क व्यक्तीत साखर पुन्हा उतरू शकते. म्हणून रात्री दर तीन तासांनी तपासणे भाग होते.

वाचकहो, हा प्रसंग एका डॉक्टरच्या टेबलावर घडला, म्हणून त्यातला धडा स्पष्ट लिहितो. बाहेर जेवताना साखरेची गोळी किंवा जेवणाआधीचे इन्सुलिन घड्याळ पाहून देऊ नये. मुख्य जेवण समोर आल्यावरच द्यावे, आणि किती वेळ आधी घ्यायचे हे तुमच्या डॉक्टरांकडून निघण्यापूर्वी विचारून ठेवावे. खिशात साखर असू द्यावी. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नये. त्याला कुशीवर वळवून लगेच १०८ या मोफत रुग्णवाहिका सेवेला फोन करावा.

नाचणीविषयीही एक खुलासा करतो. नाचणीत कॅल्शियम भरपूर आहे, शंभर ग्रॅममागे साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास, आणि तंतूही आहेत. ठिसूळ हाडांच्या माणसाला ती हितकारक. पण नाचणीने साखर वाढत नाही, हा समज चुकीचा आहे. भाकरी कशाचीही असो, मोजूनच खावी. उलट स्ट्रॉबेरीला घाबरण्याचे कारण नाही. शंभर ग्रॅममध्ये कर्बोदके जेमतेम आठ ग्रॅम असतात. तिच्यावर घातलेल्या गोड क्रीमला मात्र आवर घालावा.

ती रात्र

साखर तपासण्याचे काम मी घेतले आणि पत्नीला शेजारच्या पलंगावर झोपायला सांगितले. रात्री बारा वाजता, मग तीन वाजता आणि पहाटे सहा वाजता मी उठलो. दोन वेळा आईला शौचालयात नेले. तिला गार वाटते म्हणून शाल घातली, तहान लागली म्हणून कोमट पाणी दिले. तीनच्या सुमारास लक्षात आले की हे सगळे करण्याची माझी ही पहिलीच रात्र. घरी गेले चौदा महिने या वेळी कोण उठत होते, याचा मी कधी विचारच केला नव्हता. मी डॉक्टर होतो, औषधे लिहून देत होतो. रात्री उठणारी व्यक्ती दुसरीच होती, आणि तिला सकाळी सहाला पुन्हा उठून सगळ्यांचा चहा करायचा असे.

शुश्रूषा करणाऱ्याचा थकवा रक्ततपासणीत दिसत नाही. तो चिडचिडीतून दिसतो, पाठदुखीतून दिसतो, स्वतःच्या गोळ्या विसरण्यातून दिसतो. "तुम्हाला काय आणू?" या प्रश्नाला उत्तर न सुचण्यातूनही तो दिसतो, हे मला त्या रात्री कळले. अशा व्यक्तीला नुसते "थोडा आराम कर" म्हणून भागत नाही. तिची एक रात्र दुसऱ्या कोणी अंगावर घ्यावी लागते.

सकाळी पत्नी नऊ वाजेपर्यंत झोपली. आम्ही तिला उठवले नाही.

रानातली वाट

नाश्त्यानंतर मी आईला म्हणालो, "आज फिरणे नको. काल रात्री एवढे झाले, आज आराम कर."

ती माझ्याकडे पाहत म्हणाली, "काल गोळी तू दिलीस. चूक तुझी. त्याची शिक्षा माझ्या चालण्याला कशाला?"

यावर माझ्याकडे उत्तर नव्हते. साखर व्यवस्थित होती, रक्तदाब व्यवस्थित होता, पोटात नाश्ता होता. मग खाऊन तास-सव्वा तास झाल्यावर, ऊन अंगणात उतरल्यावर आम्ही निघालो. हिवाळ्यात पहाटे फिरायला जाण्याचा अट्टाहास ज्येष्ठांनी धरू नये. गारठ्याने रक्तवाहिन्या आकसतात, दाब चढतो, हृदयावर ताण येतो. शिवाय दवाने ओला झालेला पालापाचोळा निसरडा असतो.

हॉटेलच्या मागून एक जुनी बैलवाट हलक्या चढाने रानात जाते. सुरुवातीला चढ आणि येताना उतार अशी वाट चांगली, कारण दमल्यावर चढायचे राहत नाही. मात्र गुडघे दुखणाऱ्यांना उतारच अधिक त्रास देतो. त्यांनी सपाट वाट निवडावी. आईची काठी मी आदल्या दिवशी तपासली होती. सरळ उभे राहून हात सैल सोडला की काठीची मूठ मनगटाच्या घडीपाशी यायला हवी. एक पाय दुखरा असेल तर काठी विरुद्ध बाजूच्या हातात धरावी. घरोघरी ती नेमकी उलट्या हातात असते.

निघताना आई म्हणाली, "परत कुठे फिरायचे, ते मी सांगेन." मी कबूल केले.

रानात शिरल्यावर तिची चाल बदलली. घरात ती फरशीकडे पाहत चालते. इथे दहा पावले चालून थांबायची, वर पाहायची आणि पुन्हा चालायची. जांभळाच्या शेंड्याला काटक्यांचा एक मोठा गोळा दिसला, ते शेकरूचे घरटे. बुलबुलांचा कलकलाट चालू होता. तिने हिरड्याचे झाड ओळखले, मला ओळखता आले नव्हते. मी तिच्याशी बोलत राहिलो, त्यात एक हेतू होता. चालता चालता पूर्ण वाक्य सहज बोलता येत असेल, तर वेग योग्य आहे असे समजावे. दोन शब्दांनंतर दम घ्यावा लागला तर थांबावे. छातीत दडपण, जबड्यात किंवा डाव्या हातात कळ, डोळ्यांपुढे अंधारी यांपैकी काहीही झाले, तर तिथेच बसावे आणि मदत बोलवावी.

शंभर-सव्वाशे पावलांवर एक उंबर होता. मी मनात तोच शेवट धरला होता. तिथे पोचण्याआधीच, एका दगडी बांधापाशी ती थांबली. "इथून फिरू. अंगात आहे त्यातले निम्मे संपले."

रुग्णांना सांगायला याहून चांगले सूत्र मला कुठल्या पुस्तकात सापडले नाही. निम्मी शक्ती शिल्लक असतानाच परत फिरावे, आणि ती निम्मी केव्हा झाली हे चालणाऱ्यालाच ठरवू द्यावे. सोबत असलेल्याने शेजारी राहावे, पाणी, मोबाइल आणि साखर जवळ ठेवावी, इतकेच. दुसऱ्या दिवशी सकाळी ती उंबरापर्यंत गेली, तिथल्या दगडावर पाच मिनिटे बसली आणि स्वतःच उठली. या वेळी पत्नीही सोबत होती. दोघी पुढे आणि मी मागे, असे परतलो.

रानात फिरण्याला जपानमध्ये १९८२ पासून 'शिनरिन-योकू', म्हणजे वनस्नान, असे नाव आहे. अशा फिरण्याने मन शांत होते आणि रक्तदाब तात्पुरता थोडा उतरतो, असे अभ्यासांत आढळले आहे. त्यावर विसंबून गोळ्या मात्र बंद करू नयेत. रानाचा खरा लाभ मला वेगळाच दिसला. घरात आईच्या वतीने सगळे आम्ही ठरवत होतो, आणि ठरवण्याचे ते ओझे पत्नी एकटी वाहत होती. रानात चौदा महिन्यांनी आईने स्वतःविषयी काहीतरी ठरवले. त्याच दुसऱ्या रात्री जेवणाच्या टेबलावर वाढणाऱ्या मुलाने पुन्हा विचारले, तेव्हा पत्नी म्हणाली, "मला खर्डा द्या, चांगला झणझणीत. आणि भाकरी गरम हवी."

निघण्यापूर्वी एवढे करा

हृदयविकाराचा झटका, शस्त्रक्रिया किंवा रुग्णालयातला मुक्काम अलीकडचा असेल, तर आधी तुमच्या डॉक्टरांची परवानगी घ्या. दोन दिवसांच्या प्रवासाला चार दिवसांच्या गोळ्या घ्या. त्या डिकीत न ठेवता हाताशी ठेवा, सोबत औषधांची चिठ्ठी असू द्या. इन्सुलिन तापलेल्या गाडीत ठेवू नका, तसे बर्फाला चिकटूनही ठेवू नका. गाडी दर तास-दीड तासाने थांबवा आणि ज्येष्ठांना चार पावले चालवा. लघवीला जावे लागेल म्हणून प्रवासात पाणी न पिणे घातक आहे. लघवीची गोळी चालू असेल तर त्या दिवशीची वेळ डॉक्टरांना विचारून बदलून घ्या. जवळचे रुग्णालय कुठे आहे ते आधी पाहून ठेवा. मेढ्यात ग्रामीण रुग्णालय आहे, साताऱ्यात जिल्हा रुग्णालय आहे. रानात बंद बूट घाला, अत्तर लावू नका, कारण उग्र वासाने मधमाश्या चवताळू शकतात. माकडांसमोर खाऊची पिशवी हातात धरू नका. आणि सोबत कोण येणार हे ठरवताना, रात्री कोण उठणार हेही ठरवा. घरी जी व्यक्ती उठते, तिला त्या दोन रात्री सुट्टी असावी.

परतताना मेढ्याच्या स्टँडजवळ गाडी थांबवायला आईने सांगितले. मी म्हणालो, "चहा इथेच गाडीत आणतो." पण बोलताना माझी मलाच जीभ चावावीशी वाटली. ती काठी टेकत उतरली, टपरीसमोरच्या बाकावर बसली आणि तिने बिनसाखरेचा चहा मागितला. समोर महाबळेश्वरला जाणारी एसटी उभी होती. खिडकीतून एका बाईने हात बाहेर काढून चहाचा पेला घेतला. आई तिकडे पाहत राहिली. गाडी सुटेपर्यंत आम्ही कोणीच काही बोललो नाही.

आता ती रोज संध्याकाळी फाटकापर्यंत जाते. कधी त्याच्या पुढे, कधी अलीकडूनच परत फिरते. आठवड्यातल्या दोन रात्री उठण्याची पाळी माझी असते. आणि दाराची कडी धरून कोणी तो प्रश्न विचारला, तर मी त्यांना पुन्हा खुर्चीवर बसवतो. "अवश्य न्या," म्हणतो, "फक्त कसे न्यायचे, ते आपण नीट ठरवू."